देवगिरीचा राजा रामदेवराव यादव

लीळाचरित्र, स्मृतिस्थळ आणि स्थानपोथी यांचे परिशीलन करणाऱ्या साधकास देवगिरीच्या यादवांची नावे अपरिचित नसतात. लीळांच्या ओघात कान्हरदेव, महादेवराय, आमणदेव आणि रामदेव यांचे उल्लेख येतात. कटक, राजसभा, प्रधान, कारकून यांचेही येतात. तथापि हे उल्लेख प्रसंगापुरते असल्याने त्या राजांचे आयुष्य एकत्रित असे वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. शास्त्राचा अर्थ लावताना काळाचे ज्ञान साहाय्यकारी होते, ही जाणीव आपल्या पूर्वसूरींना होतीच. अन्यथा स्थळ, वेळ, साक्षीदार यांची इतकी काटेकोर नोंद त्यांनी ठेवली नसती. म्हणून ज्याच्या चाळीस वर्षांच्या राजवटीत लीळाचरित्राचे संकलन झाले, आद्य मराठी काव्ये रचली गेली आणि ज्याच्या अखेरीस महाराष्ट्राचे स्वातंत्र्य मावळले, त्या रामदेवराव यादवाचे चरित्र येथे संक्षेपाने मांडण्याचे योजिले आहे.

नाशिक परिसरातील वाचकांस हा विषय अधिक जवळचा वाटावा असे एक कारण आहे. यादवांचे कूळ देवगिरीच्या नावाने प्रसिद्ध असले तरी त्याचा उदय याच भूमीत झाला. या घराण्याचा ज्ञात मूळपुरुष दृढप्रहार याची राजधानी चंद्रादित्यपूर, म्हणजे आजचे चांदवड, असे अभ्यासक मानतात. त्याचा पुत्र सेउणचंद्र याच्या नावावरून या प्रदेशास सेउणदेश म्हणू लागले. पुढे सिंदीनगर, म्हणजे आपले सिन्नर, ही राजधानी झाली. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकाळातील शिल्पवैभवाची साक्ष आजही देते, आणि अंजनेरीचा शके १०६३ चा शिलालेख एका सेउणचंद्राने जैन मंदिरास दिलेल्या दानाची नोंद करतो. चालुक्यांचे मांडलिक असलेले हे घराणे पाचव्या भिल्लमाच्या पराक्रमाने स्वतंत्र झाले आणि इ. स. ११८७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस गेली. त्याचा नातू सिंघण याने राज्याचा विस्तार दक्षिणेस कृष्णेपलीकडे नेला. रामदेवरावाला वारशाने लाभायचे ते हे वैभव होते.

परंतु ते त्याला सरळ लाभले नाही. रामदेवराव हा कान्हरदेवाचा, म्हणजे कृष्णदेवाचा पुत्र. इ. स. १२६१ च्या सुमारास कान्हरदेव निवर्तला तेव्हा रामदेव अल्पवयीन होता, म्हणून राज्य चुलत्याकडे, महादेवरायाकडे गेले. महादेवरायाने दहा वर्षे राज्य केले आणि उत्तर कोकणचे शिलाहारांचे राज्य आपल्या राज्यात मिळवून घेतले. थोरल्या भावाचा मुलगा वयात येत असता राज्य त्याचे त्याला परत करावे असा न्याय होता. तसे न होता महादेवरायाच्या पश्चात, इ. स. १२७१ मध्ये, त्याचा पुत्र आमणदेव सिंहासनावर बसला.

रामदेवाने आपला हक्क कसा परत मिळविला याची हकिकत त्याच्याच ताम्रपटात आलेली आहे. देवगिरीचा दुर्ग बळाने घेणे अशक्यप्राय होते. म्हणून त्याने आपल्या विश्वासू माणसांस नर्तक-नटांच्या वेशात गडावर नेले. तरुण राजा खेळ पाहण्यात दंग असता सभेतच रंग पालटला आणि आमणदेव बंदिवान झाला. येथवरचा भाग चातुर्याचा म्हणता येईल. पुढचा भाग मात्र ताम्रपटात नाही, तो आपल्या पंथीय वाङ्मयातून कळतो. पराभूत चुलतभावाचे डोळे काढण्यात आले. राजशासन लिहिणाऱ्या पंडिताने युक्तीचे वर्णन केले आणि क्रौर्य गाळले. कोणत्याही राजाश्रयाविना राहणाऱ्या भिक्षूंनी ते नोंदवून ठेवले. रामदेवरावाच्या चरित्राचा विचार करताना हा भेद वारंवार समोर येणार आहे, म्हणून तो येथेच ध्यानात घ्यावा.

सिंहासनासाठी असे घडणे त्या काळी केवळ आपल्याकडेच होते असे नव्हे. ज्या १२७१ साली रामदेवराव गादीवर आला त्याच साली कुबलाईखानाने चीनमध्ये युआन हे राजवंशाचे नाव धारण केले. त्यालाही खानपदासाठी सख्ख्या भावाशी युद्ध करावे लागले होते. पुढील वर्षी इंग्लंडचे राज्य पहिल्या एडवर्डकडे आले. पिता वारला तेव्हा तो धर्मयुद्धाच्या निमित्ताने दूरदेशी होता, तरी त्याचा हक्क अबाधित राहिला. दिल्लीस बल्बन कठोर हाताने राज्य करीत होता. वारसाहक्काचा निश्चित नियम जेथे होता तेथे राज्य शांतपणे हस्तांतरित होई. जेथे नव्हता तेथे प्रत्येक नवा राजा रक्ताच्या नात्याला भीतच सिंहासनावर बसे. यादवकुळात नियम होता, पण तो पाळला गेला नाही. एकाने मोडला म्हणून दुसऱ्याने अधिक क्रूरपणे मोडला.

राज्य हाती आल्यावर रामदेवरावाने आरंभीची वर्षे पराक्रमात घालविली. माळव्याच्या परमारांवर त्याने विजय मिळविला. इ. स. १२७५–७६ मध्ये त्याचा सेनापती साळुव टिक्कम याने होयसळांच्या राज्यात शिरून थेट द्वारसमुद्रापर्यंत धडक मारली. राजधानी हाती आली नाही, परंतु मोठी लूट घेऊन तो परतला. पूर्वेकडे वैरागड आणि भंडारा हे प्रदेश यादवांच्या अंकित झाले. कोकणात खेड व संगमेश्वर येथील सत्ताधीशांचे बंड मोडण्यात आले. वाराणसी मुक्त करून तेथे शार्ङ्गधराचे मंदिर बांधल्याचाही दावा ताम्रपटात आहे. नर्मदेपासून तुंगभद्रेच्या परिसरापर्यंत पसरलेले असे हे राज्य त्याने पंचवीस वर्षे सांभाळले. प्रौढप्रतापचक्रवर्ती हे बिरुद त्याच्या लेखांतून मिरविले जाई.

या शांततेच्या वर्षांत विद्येलाही बहर आला. श्रीकरणाधिप हेमाद्रि, ज्यास लोक हेमाडपंत म्हणतात, हा महादेवरायापासून या दरबारी होता. चतुर्वर्गचिंतामणी हा त्याचा धर्मशास्त्रावरील विस्तीर्ण ग्रंथ, आणि त्यातील व्रतखंडाच्या आरंभी असलेली राजप्रशस्ती ही यादवांच्या वंशावळीचे एक मुख्य साधन आहे. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव त्याच्याच आश्रयाला होता. पंढरपूरच्या शके ११९५ ते ११९९ या काळातील दानलेखात रामचंद्रदेव आणि हेमाडी पंडित यांचे उल्लेख आहेत. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरांनी आपली भावार्थदीपिका पूर्ण केली, तेव्हा ग्रंथसमाप्तीस याच राजाच्या न्यायी राज्याचा निर्देश केला. रामदेवरावाच्या राज्यात सामान्य प्रजा सुखाने नांदत होती, याचा हा एका निःस्पृह पुरुषाने दिलेला पुरावा आहे आणि तो आपण आदराने स्वीकारला पाहिजे.

तथापि आपल्या परमार्गाचा अनुभव या एका चित्रात मावत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे उत्तरापंथे गमन इ. स. १२७२–७४ च्या सुमारास, म्हणजे रामदेवरावाच्या राजवटीच्या आरंभीच, झाले. त्यापूर्वी पैठणच्या विद्वत्सभेकडून आणि राजदरबारातील वजनदार मंडळींकडून स्वामींना जो उपद्रव झाला त्याची हकिकत लीळाचरित्रात आहे, आणि त्यात हेमाडपंताचे नाव पुढे येते. व्रते आणि कर्मकांड यांवर ज्याने सहस्रावधी श्लोक संकलित केले, त्याला स्त्रीशूद्रांस मोक्षाचा अधिकार सांगणारा आणि तो मराठीत सांगणारा उपदेश मानवला नाही, हे समजण्यासारखे आहे. राजाने स्वतः उपद्रव करविला की प्रधानांच्या कृत्यांकडे दुर्लक्ष केले, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. राजाच्या नावाने जे घडते त्याचे उत्तरदायित्व राजाकडेच येते, एवढे खरे. त्याच राज्यात, रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आणि भटोबासांच्या आज्ञेने, म्हाइंभटांनी साक्षीदारांस शोधून शोधून लीळा मिळविल्या हेही तितकेच खरे. आणि रामदेवरावाच्या घरात आपल्या मार्गाचा शिरकाव झाला होता. राणी कामाइसा ही भटोबासांची अनुयायी असल्याचे स्मृतिस्थळावरून समजते.

रामदेवरावाच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा सर्वांत बोलका प्रसंगही पंथानेच जपला आहे. साल, नृसिंह आणि नरेंद्र हे तिघे बंधू दरबारातले कवी. त्यांतील नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचून राजसभेत वाचून दाखविले. राजा अत्यंत प्रसन्न झाला. त्याने इच्छा व्यक्त केली की, या काव्यावर कवीने आपल्या नावाऐवजी राजाचे नाव घालावे. त्याबद्दल प्रत्येक ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने ते नाकारले, कारण असे केल्याने साऱ्या कविकुळास दोष लागला असता. पोथी राजाकडे राहिली. परंपरा सांगते की, एका रात्रीपुरती ती मागून घेऊन तिघा भावांनी जमेल तेवढी उतरून काढली आणि पुढे नरेंद्र भटोबासांना शरण आला. आज उपलब्ध असलेले सुमारे नऊशे ओव्यांचे काव्य हे त्या रात्रीच्या श्रमाचे फळ होय.

या प्रसंगाचा विचार करावा. राजा रसिक होता यात शंका नाही. रस न कळणारा राजा काव्यासाठी खजिना रिता करीत नाही. तो क्रूरपणे वागला असेही नाही. नकार देणाऱ्या कवीचा त्याने छळ केला नाही. परंतु ज्या वस्तूचा मोह त्याला पडला ती वस्तू सोन्याने मिळणारी नव्हती. राज्य युक्तीने मिळाले, माळवा व कोकण शस्त्राने मिळाले. नाव मात्र दुसऱ्याच्या साधनेतून उचलून घेता येत नाही, हे त्याला एका निष्किंचन कवीकडून कळावे लागले.

या घटनेनंतर चारच वर्षांनी त्याच्या राज्यावर घोर संकट कोसळले. इ. स. १२९६ मध्ये दिल्लीच्या जलालुद्दीन खलजीचा पुतण्या व जावई, कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन, काही हजार स्वार घेऊन विंध्य ओलांडून एलिचपूरवरून अकस्मात देवगिरीपुढे येऊन ठाकला. मार्गात लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या अधिकाऱ्याने त्याला अडविले. त्या रणात दोन स्त्रियाही शौर्याने लढल्याचे इसामी या तवारीखकाराने लिहून ठेवले आहे. परंतु मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले होते. रामदेवराव गडावर आश्रयास गेला. फिरिश्ता सांगतो की, घाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. इकडे अलाउद्दीनाने दिल्लीचे वीस हजार स्वार मागून येत असल्याची आवई उठविली. तहाची बोलणी पुरी होतात तोच युवराज परतला आणि पित्याचा निरोप न जुमानता त्याने युद्ध मांडले. आरंभी यश त्याच्या बाजूला झुकले. पण गडावर पहारा ठेवण्यास नेमलेली नुसरतखानाची तुकडी धूळ उडवीत आली, तेव्हा दिल्लीची फौजच आली असे समजून यादवसेना मोडली. फिरिश्त्याच्या हिशोबाने खंडणीत सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण रत्ने, एक हजार मण चांदी आणि चार हजार रेशमी वस्त्रे गेली. शिवाय एलिचपूरचा वसूल लावून द्यावा लागला. देवगिरीच्या या द्रव्याच्या बळावरच अलाउद्दीनाने त्याच वर्षी चुलत्याचा वध करून दिल्लीचे तख्त घेतले.

ज्या राज्याच्या सेना द्वारसमुद्रापर्यंत गेल्या होत्या त्या राज्याला उत्तरेकडून शत्रू येत असल्याची वार्ता तो दाराशी येईपर्यंत लागू नये, हे आश्चर्य आहे. दक्षिणेतील राजे एकमेकांशी लढण्यात एवढे गुंतले होते की, उत्तरेत काय घडत आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. यादव, होयसळ, काकतीय आणि पांड्य यांपैकी एकाच्या संकटात दुसरा धावून गेला नाही. उलट पुढे एकाच्या साहाय्याने दुसरा जिंकला गेला.

पराभवानंतरही रामदेवरावाने एक धाडसाचे कृत्य केले. गुजरातचा राजा कर्ण वाघेला याचे राज्य इ. स. १२९९ मध्ये खलजी सैन्याने घेतले, तेव्हा तो देवगिरीच्या आश्रयास आला. यादवांच्या छत्राखाली बागलाणात, म्हणजे आपल्या नाशिकच्या उत्तर भागात, तो काही वर्षे तग धरून राहिला. कालांतराने देवगिरीहून दिल्लीस जाणारी खंडणीही थांबली. इसामी म्हणतो की, बंडाचा आग्रह पुत्राचा होता आणि वृद्ध राजाने आपली निष्ठा कळविण्यास सुलतानाकडे गुप्त निरोप धाडला. हे सत्य असेल तर त्या पित्याची अवस्था कल्पनेनेच जाणावी: एकीकडे स्वाभिमानी पुत्र, दुसरीकडे प्रजेच्या सर्वनाशाचे भय. इ. स. १३०७–०८ मध्ये मलिक काफूर देवगिरीवर आला, शहर लुटले गेले आणि रामदेवराव कैदी होऊन दिल्लीस गेला.

दिल्लीत त्याचा अवमान झाला नाही. सुमारे सहा महिन्यांनी सुलतानाने त्याला रायरायान ही पदवी, एक लक्ष सुवर्ण टंक आणि नवसारीचा प्रदेश देऊन सन्मानाने परत पाठविले. हा सन्मान बेडीपेक्षा जड ठरला. यानंतर रामदेवरावाने आज्ञाभंग केला नाही. इ. स. १३०९ मध्ये काफूर वरंगळवर निघाला तेव्हा देवगिरीने त्याला रसद आणि सैन्य पुरविले. इ. स. १३११ च्या आरंभी तो द्वारसमुद्राकडे निघाला तेव्हा राजाने नगर शृंगारले, सैन्यासाठी बाजारपेठा खुल्या केल्या आणि वाट दाखविण्यास आपला दळवी परशुराम सोबत दिला. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या द्वारसमुद्रावर यादवांचा सेनापती विजयाच्या आशेने गेला होता, त्याच मार्गावर आता यादवांचा दळवी दुसऱ्याच्या सेनेचा वाटाड्या झाला.

या दोन स्वाऱ्यांच्या दरम्यान, शके १२३२ मध्ये, म्हणजे इ. स. १३१० साली, गोदातीरावरील पुरुषोत्तमपुरीचा प्रसिद्ध ताम्रपट दिला गेला. वर ज्याचा उल्लेख केला तो हाच. त्यात परमारांवरील विजय आहे, वैरागड-भंडारा आहे, वाराणसी आहे, नटांच्या वेशातील युक्ती आहे. इ. स. १२९६ ची खंडणी नाही, दिल्लीचा बंदिवास नाही, आमणदेवाचे डोळेही नाहीत. ताम्रपट खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही; प्रशस्तीचा तो धर्मच आहे. परंतु तांब्यावर कोरलेले अक्षर टिकाऊ असले तरी पुरे नसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

इ. स. १३११ च्या सुमारास रामदेवराव निवर्तला. पुत्र शंकरदेवाने दिल्लीची सत्ता झुगारली आणि इ. स. १३१३ मध्ये काफूरच्या हातून तो मारला गेला. जावई हरपाळदेव याने पुन्हा स्वातंत्र्याचा प्रयत्न केला. कुतुबुद्दीन मुबारकाने स्वारी करून इ. स. १३१८ च्या सुमारास त्याला अत्यंत क्रूरपणे ठार केले. सिन्नरच्या मातीतून उगवलेला हा वंश येथे संपला.

याच धामधुमीत आपल्या पंथाची जी हानी झाली ती राज्याच्या हानीपेक्षा लहान नव्हे. साधूंना ग्रंथांचे गाठोडे घेऊन कोकणाकडे जावे लागले आणि वाटेतील लुटीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, असे पंथात सांगितले जाते. मग ज्यांनी ते पाठ केले होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उतरविण्यात आले. आज आपण ज्यांना निरनिराळे पाठ म्हणतो आणि ज्यांच्या भेदांवर चर्चा करतो, त्या पाठभेदांचे मूळ या आपत्तीत आहे. पाठभेद हा केवळ लेखकांचा प्रमाद न समजता एका उद्ध्वस्त काळातून जिवापाड जपून आणलेल्या ठेव्यावरील व्रण समजावा.

रामदेवरावाच्या चरित्राकडे पाहताना दोन प्रकारचे मोह होतात. एक, त्याला महाराष्ट्राच्या सुवर्णकाळाचा आदर्श राजा मानून आमणदेवाचे डोळे आणि दिल्लीची चाकरी विसरण्याचा. दुसरा, विशेषतः आपल्या मार्गातील वाचकांस होणारा, की स्वामींना झालेला उपद्रव आणि चुलतभावावरील क्रौर्य यांचे फळ त्याला मिळाले असा सोपा हिशोब मांडण्याचा. परंतु कर्मफळाचा हिशोब मांडण्याचा अधिकार आपला नाही; तो परमेश्वराधीन आहे. शिवाय इ. स. १२९६ च्या लुटीत जे सामान्य जन नागवले गेले त्यांनी कोणाचे डोळे काढले होते? लासूरच्या घाटात लढलेल्या दोन स्त्रियांनी कोणाचा उपद्रव केला होता? राजाच्या आपत्तीत दोष शोधणारी दृष्टी प्रजेच्या आपत्तीपुढे निरुत्तर होते. अहिंसेचा आचार सांगणाऱ्या मार्गाने कोणाच्याही विनाशात समाधान मानणे उचित नव्हे.

पूर्वसूरींनी हे दोन्ही मोह टाळले. त्यांनी रामदेवरावाची स्तुती केली नाही आणि त्याला शापही दिला नाही. क्रौर्य घडले ते लिहिले, रसिकता होती तीही लिहिली. नरेंद्राचा नकार लिहिताना राजाचा आनंदही गाळला नाही. सत्याविषयी असलेली ही निष्ठा त्यांनी लीळा मिळविताना शिकली होती; जे पाहिले-ऐकले ते साक्षीसह ठेवावे, आपल्या आवडीने वाढवू वा कमी करू नये, हा म्हाइंभटांचा दंडक होता. राजाविषयीही तोच पाळला गेला.

म्हणूनच सोन्याच्या नाण्यांनी जे नाव मिळाले नाही ते रामदेवरावाला अखेर निराळ्या मार्गाने लाभले. काव्यावर त्याचे नाव आले नाही, पण ते काव्य का त्याच्या नावाचे झाले नाही याची कथा राहिली आणि त्या कथेत तोही राहिला, गुणदोषांसहित, जसा होता तसा. ग्रंथांचा अभ्यास करताना, पाठ शोधताना आणि आपल्याच परंपरेतील थोरांविषयी लिहितानाही हाच दंडक आपण पाळावा, एवढीच विनंती करून लेखणीस विराम देतो.

दंडवत प्रणाम.